‘सिंग, सिंग, सिंग’: तीन मिनिटं, पावणेनऊ की बारा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचा मुलगा कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवतो आणि त्यांना ‘सिंग, सिंग, सिंग’ हे 1930 च्या दशकातलं अमेरिकन गाणं बसवायचं आहे. शोधल्यावर तीन रेकॉर्डिंग मिळाली. एक तीनेक मिनिटांचं, त्यात एक माणूस घोगऱ्या आवाजात गातो. दुसरं पावणेनऊ मिनिटांचं, त्यात गाणारं कुणीच नाही. तिसरं बारा मिनिटांचं, आणि त्यात शेवटाकडे एक पियानो येतो, जो दुसऱ्याच कुठल्यातरी तबकडीवरून चुकून मिसळल्यासारखा वाटतो. यातलं मूळ कोणतं? आणि तो पियानो तिथे काय करतोय?

मी गेली सत्तावीस वर्षं लाखेच्या जुन्या तबकड्या संगणकावर उतरवण्याचं काम करतो. नाट्यपदं, भावगीतं, कीर्तनं हे रोजचं काम. स्विंगच्या, म्हणजे त्या काळातल्या नाचाच्या जाझच्या, तबकड्या हा स्वतःचा शौक. त्यामुळे माझं उत्तर वाजवणाऱ्याचं नाही, सुई तबकडीवर टेकवणाऱ्याचं आहे. पण या गाण्याच्या बाबतीत तीच बाजू कामाची ठरते. हे गाणं तीन वेगवेगळ्या लांबीचं का आहे, याचं निम्मं उत्तर तबकडीत दडलेलं आहे.

‘मूळ’ म्हणजे आधीचं, असा अर्थ घेतला तर उत्तर सोपं आहे. तीन मिनिटांचं ते लुई प्रीमाचं. प्रीमा न्यू ऑर्लिन्सचा, इटालियन घरातला, ट्रंपेट वाजवणारा आणि गाताना अर्धा नट. 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या 52व्या रस्त्यावरच्या ‘फेमस डोअर’ या चिमुकल्या क्लबात त्याने गर्दी खेचली आणि 1936 च्या फेब्रुवारीत ब्रन्सविक कंपनीसाठी स्वतः रचलेलं हे गाणं आपल्या ‘न्यू ऑर्लिन्स गँग’बरोबर ध्वनिमुद्रित केलं. गायक बिंग क्रॉस्बीच्या नावावर कोटी करून आधी ते ‘सिंग, बिंग, सिंग’ असं होतं, हा किस्सा सगळेच सांगतात. शब्द म्हणाल तर त्यात फारसं काही नाही: गा, सगळेजण गा, इतकंच. मजा चालीत आहे. चाल मायनर, म्हणजे कानाला थोडी काळोखी, आणि शब्द मात्र जत्रेतले. ही विसंगतीच पुढे सगळ्यांच्या उपयोगी पडली. प्रीमाला तिची फिकीर नव्हती. तो हसतखेळत गाऊन मोकळा झाला. त्याच वर्षी फ्लेचर हेंडरसनच्या बँडनेही गायकासह हे गाणं रेकॉर्ड केलं. तेव्हा ते चारचौघांसारखंच एक नवं, उडतं गाणं होतं.

पण तुमच्या मुलाच्या मनात जे ‘सिंग, सिंग, सिंग’ आहे ते हे नव्हे. त्याला ते ढोलासारखं घुमणारं, टॉम-टॉमवरचं (म्हणजे ड्रम्सच्या संचातल्या खोल आवाजाच्या ड्रमवरचं), सुरू झालं की पाय थांबत नाहीत ते हवंय. ते क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनच्या बँडचं. आणि ते कुणी एका बैठकीत लिहिलं नाही, ते वाढत गेलं.

गुडमन आणि त्याचा ड्रमर जीन क्रुपा दोघेही शिकागोचे, दोघेही 1909 चे. 21 ऑगस्ट 1935 ला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये गुडमनच्या बँडने तरुणांना वेड लावलं. स्विंगचा जमाना तिथून सुरू झाला असं धरायची प्रथा आहे. त्यानंतर शिकागोच्या काँग्रेस हॉटेलात बँडचा लांबलचक मुक्काम पडला. बँडला सतत नवा माल लागे, आणि जिमी मंडी या अरेंजरने प्रीमाच्या गाण्याची मांडणी करून दिली. तेव्हा ते रीतसर गायचंच गाणं होतं. हेलन वॉर्ड ही बँडची गायिका ते म्हणत असे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते फार विचित्र जागी भेटणार आहे.

मग झालं असं की गाणं संपायच्या जागी क्रुपा थांबेना. नाचणारेही थांबेनात. क्रुपाने टॉम-टॉमवर ठेका धरून ठेवला की गुडमन त्यावर क्लॅरिनेट घेऊन शिरायचा, मग ट्रंपेटवाले एखादा छोटा तुकडा पुन्हापुन्हा वाजवत त्याला टेकू द्यायचे. असा लहान, परत परत येणारा तुकडा म्हणजे रिफ. आपल्याकडे तबलजीने ठेका सोडला नाही तर गवई समेवर येऊनही उठत नाही, तसंच काहीसं. रोज रात्री एखादी जागा सापडायची. चांगली वाटली की दुसऱ्या रात्री ठेवली जायची, नाहीतर गळून पडायची. अशा वाढीत गायिकेचं कडवं हळूहळू अडचण वाटू लागलं असेल तर नवल नाही. ते गेलं. त्याच्या जागी आणखी एक पाहुणा आला: ‘ख्रिस्तोफर कोलंबस’ ही चू बेरीची चाल, फ्लेचर हेंडरसनच्या बँडने त्याच वर्षी गाजवलेली. तिचे तुकडे गुडमनच्या मांडणीत इतके चपखल बसले की पुढे तबकडीच्या लेबलवरही त्याची नोंद झाली.

म्हणजे गाणं एकाचं, मांडणी दुसऱ्याची, मधली चाल तिसऱ्याची, आणि जीव चौथ्याच्या हातात. श्रेय कुणाला द्यायचं यावर मी पूर्वी वाद घालायचो. आता घालत नाही. कागदावर प्रीमाचं नाव आहे आणि ते योग्यच आहे.

आता पावणेनऊ मिनिटांकडे येतो, कारण माझ्या धंद्याची गोष्ट इथे सुरू होते.

त्या काळात नाचाच्या संगीताची तबकडी दहा इंची असे आणि तिच्या एका बाजूवर तीन, फार तर सव्वातीन मिनिटं मावत. तुम्हाला 1930 च्या दशकातलं जवळपास प्रत्येक गाजलेलं गाणं तीन मिनिटांचंच का सापडतं, याचं कारण एवढंच. कलावंतांना तेवढंच सुचायचं असं नाही. आपल्याकडेही बुजुर्गांचे राग तीन मिनिटांत आटोपलेले ऐकून नवखे लोक चक्रावतात, त्याचंही कारण हेच. बारा इंची तबकडीवर एका बाजूला चार-साडेचार मिनिटं बसत. पण ती महाग, आणि कंपन्या ती बहुतेक सिम्फनी-ऑपेरासाठी राखून ठेवत. 6 जुलै 1937 ला हॉलिवूडमध्ये व्हिक्टर कंपनीने गुडमनच्या बँडला बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू दिल्या. तिचा क्रमांक व्हिक्टर 36205. एका बाजूला भाग 1, दुसऱ्या बाजूला भाग 2. नंतर व्हिक्टरने चार बारा इंची तबकड्यांचा एक संच काढला, ‘अ सिंपोझियम ऑफ स्विंग’ नावाचा: गुडमन, टॉमी डॉर्सी, बनी बेरिगन आणि फॅट्स वॉलर. नाचाच्या संगीताला असा आल्बमचा मान मिळणं तेव्हा नेहमीचं नव्हतं.

त्या दिवशी बँडमध्ये कोण होतं हे मुलाला मुद्दाम सांगा. ट्रंपेटवर हॅरी जेम्स, झिगी एलमन आणि ख्रिस ग्रिफिन. ट्रंपेटच्या इतक्या तगड्या रांगा त्या काळात थोड्याच होत्या. टेनर सॅक्सवर व्हिडो मुसो आणि आर्ट रोलिनी, गिटारवर ॲलन रूस, बासवर गुडमनचा भाऊ हॅरी, पियानोवर जेस स्टेसी, ड्रम्सवर क्रुपा. सोलो मुसो, जेम्स, गुडमन आणि अर्थातच क्रुपा यांचे. स्टेसीला इथे सोलो नाही. तो मागे बसून तालाला भर घालतोय, आणि बँडमध्ये त्याचं बहुतेक काम तेच असे. पियानोचा मान गुडमनच्या छोट्या ट्रिओ-क्वार्टेटमध्ये टेडी विल्सनकडे जायचा.

ध्वनिमुद्रण कसं होई तेही समजून घ्या. मेणाच्या जाड चकतीवर सुई थेट चर कोरत जाई. मध्ये थांबणं नाही, नंतर जोडणं नाही, चुकलं तर चकती बाद. दोन भाग म्हणजे दोन वेगळे प्रयत्न. मध्ये बँड श्वास घेतो, घाम पुसतो आणि त्याच लयीत पुन्हा शिरतो. हा सांधा त्यांनी ड्रम्सवर ठेवला आहे. पहिली बाजू क्रुपाच्या टॉम-टॉमवर सोडायची, दुसरी तिथूनच उचलायची. फार हुशारीचा निर्णय आहे तो. सुरांवर सांधा ठेवला असता तर दोन बाजूंमधला सुराचा किंचितसा फरकही कानाला टोचला असता. ठेक्यात तो लपतो.

पण पूर्ण लपत नाही. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून दर सेकंदाला जितका चर जातो त्यापेक्षा लेबलजवळ बराच कमी जातो, कारण घेर लहान होत जातो. त्यामुळे बाजू संपताना वरच्या पट्टीतले आवाज, झांज, सॅक्सची धार, मंद होत जातात. दुसरी बाजू पुन्हा बाहेरच्या कडेला सुरू होते आणि एकदम खिडकी उघडल्यासारखी झांज लखलखते. आजच्या आवृत्त्यांमध्ये दोन्ही बाजू एकसलग जोडलेल्या असतात. चांगले हेडफोन लावा आणि मध्याच्या थोडं अलीकडेपलीकडे ड्रम्स चालू असताना कान द्या. आवाजाचा पोत बदलतो ती जागा सापडेल. एकदा सापडली की दर वेळी ऐकू येते; त्याबद्दल आगाऊ माफी.

हा सांधा स्वतः जोडायचा उद्योग मी केलेला आहे आणि त्यात तोंडावर आपटलोही आहे. एका विक्रेत्याकडून ही तबकडी घेतली, ती वर्तमानपत्रात गुंडाळून आली आणि घरी उघडली तर कडेपासून आत बोटभर तडा. तडा गेलेली तबकडी दर फेऱ्याला एक खटका देते, म्हणजे सेकंदाला साधारण 1.3 वेळा. क्रुपाचा ठेका एकीकडे आणि हा खटका दुसरीकडे, दोन्ही आपापल्या लयीत. वैतागून मी खटके काढणारं सॉफ्टवेअर लावलं. त्याने खटके काढले आणि त्याबरोबर क्रुपाचे निम्मे कडक फटकेही गिळले. यंत्राच्या लेखी दोन्ही सारखेच: क्षणात उसळून क्षणात विरणारा आवाज. तेव्हापासून ड्रम्सच्या तबकडीला मी ते सॉफ्टवेअर आपोआप लावत नाही, एकेक खटका डोळ्यांनी पाहून हाताने काढतो. दोन रात्री जातात. एखादी आवृत्ती तुम्हाला अगदी स्वच्छ, खरखर नसलेली पण कशी कोण जाणे निर्जीव वाटली, तर कुणीतरी त्या दोन रात्री वाचवल्या आहेत असं समजा.

दुसरी गोष्ट वेगाची. अमेरिकेत ही तबकडी मिनिटाला 78.26 फेऱ्यांनी फिरायची. तो आकडा तिथल्या साठ हर्ट्झच्या विजेवरून आला. फिरकीचा वेग थोडा जरी चुकला तरी सूर चढतो किंवा उतरतो. तुमच्या मुलाच्या बँडमधले ट्रंपेटवाले रेकॉर्डिंगबरोबर वाजवून सराव करणार असतील आणि सूर अर्ध्यामुर्ध्या जागी लागत असेल, तर त्यांना बोलू नका. आधी दुसरी आवृत्ती लावून बघा. इंटरनेटवर चुकीच्या वेगाने उतरवलेल्या तबकड्या ढिगाने आहेत.

आता खुद्द ड्रम्सबद्दल थोडं. मी वाजवत नाही, पण हजारदा ऐकलं आहे. 1920 च्या दशकात ध्वनिमुद्रण करणारे लोक पायाच्या मोठ्या ड्रमला घाबरायचे, कारण त्याच्या धक्क्याने कोरणारी सुई चरातून उडेल अशी भीती असे. डिसेंबर 1927 मध्ये शिकागोत क्रुपाने पायाच्या ड्रमसह अख्खा संच घेऊन ध्वनिमुद्रण केलं, ते अशा पहिल्यांपैकी मानलं जातं. पुढे त्याने जुने चिनी टॉम-टॉम, ज्यांचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असे, सोडले आणि दोन्ही बाजूंनी ताण कमीजास्त करता येणारे टॉम-टॉम घेतले. मोठा टॉम-टॉम जमिनीवर उभा. ‘सिंग, सिंग, सिंग’मधला तो घुमारा तिथला आहे. मुलं इथेच फसतात. त्यांना वाटतं, जोर लावायचा. नीट ऐका: क्रुपाचे बहुतेक फटके मध्यम आहेत, जोराचे मोजकेच आणि ठरलेल्या जागीच. सगळेच जोरात मारले तर एकही जोराचा वाटत नाही. आणि पायाचा ड्रम चारही मात्रांवर हलका चालू आहे. तो कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. मुलाला म्हणावं, आधी आठवडाभर हे सगळं अगदी हळू आवाजात वाजव, शेजारी झोपलेले आहेत असं समजून. (फ्लॅटमध्ये राहत असाल तर समजायचीही गरज नाही.)

त्याच सुमारास गुडमनचा बँड ‘हॉलिवूड हॉटेल’ या चित्रपटात हेच गाणं वाजवताना दिसतो. तुकडा छोटा आहे, पण क्रुपाला हलताना बघायचं असेल तर तो पाहा. मनगटं कशी सैल आहेत ते फक्त ऐकून कळत नाही.

आता बारा मिनिटांचं. आणि तो पियानो.

16 जानेवारी 1938, रविवारची संध्याकाळ, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. जिथे सिम्फनी ऐकायला लोक शिस्तीत बसतात, तिथे नाचाच्या बँडची मैफल. कल्पना प्रसिद्धीवाल्यांची, नाव संयोजक सॉल ह्युरॉकचं. सुमारे 2,800 खुर्च्या विकल्या गेल्या, सर्वांत महाग तिकीट 2.75 डॉलर, आणि रंगमंचावरही जादा खुर्च्या मांडाव्या लागल्या. काऊंट बेसी आणि त्याच्या बँडमधले लेस्टर यंग, बक क्लेटन, तसंच ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधले जॉनी हॉजेस, हॅरी कार्नी, कूटी विल्यम्स पाहुणे म्हणून आले होते. गोरे आणि काळे वादक एका रंगमंचावर, त्याही कार्नेगीत, ही त्या काळात साधी बाब नव्हती. क्रुपाला आदल्याच दिवशी 29 वर्षं पूर्ण झाली होती.

सुरुवात अवघडलेली आहे. रेकॉर्डिंगवर ते ऐकू येतं; मंडळी जणू परीक्षेला बसली आहेत. पहिल्याच गाण्यात क्रुपाने मध्येच एक धडाकेबाज तुकडा टाकला आणि बर्फ फुटला. ‘सिंग, सिंग, सिंग’ शेवटचं ठेवलं होतं, त्यानंतर फक्त लोकांच्या आग्रहाखातर वाजवलेली गाणी.

आणि इथे त्यांच्यापुढे तबकडीची बाजू नव्हती. साडेचार मिनिटांना संपणारं काही नव्हतं. टेनर सॅक्सवर आता मुसोच्या जागी बेब रसिन आहे. त्याचा सोलो होतो, हॅरी जेम्सचा होतो, मग गुडमन क्लॅरिनेट घेऊन क्रुपाच्या ठेक्यावर एकटा चढत जातो. तो चढत चढत वर जातो, पण जोर वाढवत नाही, उलट आवाज बारीक करत नेतो. शेवटी अगदी वरच्या पट्टीतला एक सूर, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. इथे सगळ्यांना वाटतं की आता बँड कोसळणार आणि संपणार. ऐकणाऱ्यांना वाटतं आणि बहुधा वाजवणाऱ्यांनाही वाटलं असेल.

त्याऐवजी गुडमनने स्टेसीला खूण केली.

हे ठरलेलं नव्हतं. या गाण्यात स्टेसीला सोलो मिळत नसे. तो मिसूरीचा, मिसिसिपीवरच्या बोटींवर वाजवून घडलेला, बिक्स बायडरबेक या जाझच्या कॉर्नेटवाल्यावर जीव असलेला माणूस. संध्याकाळभर तो पाहुण्यांच्या आणि टेडी विल्सनच्या झगमगाटामागे बसला होता. अचानक मोकळं मैदान मिळालं आणि त्याने काय करावं? त्याने आधीच्या कुणाचंच वाजवलं नाही. क्रुपा खाली ठेका हळू चालू ठेवतो आणि स्टेसी सुरू करतो शांत, विचारात पडल्यासारखा. डाव्या हातात पडदे बदलत जाणारे सूर, ज्यात फ्रेंच संगीतकार डेब्युसीची सावली आहे, चर्चमधलं काहीतरी आहे, आणि बिक्सने पियानोसाठी लिहिलेल्या तुकड्यांचीही आठवण. चालीची मायनर काळोखी, जी प्रीमाच्या हसण्याने आणि बँडच्या गोंगाटाने दोन वर्षं झाकली होती, ती स्टेसीने उघडी करून दाखवली. दोनेक मिनिटं. तो उंच स्वरापाशी जाऊन हळूच थांबतो, क्रुपा पुन्हा पेटतो, बँड शेवटाकडे धावतो.

तुम्हाला तो पियानो दुसऱ्या तबकडीवरून मिसळलेला वाटला, यात कानाचा दोष नाही. तो गाण्याच्या बाहेरचाच आहे. माझ्या मते ‘सिंग, सिंग, सिंग’ या नावाखाली आजवर जे काही वाजलं त्यात ही दोन मिनिटं सर्वांत मोलाची आहेत, आणि यात मी क्रुपावरही अन्याय करत नाही. त्याने तिथे स्वतःला आवरलं नसतं तर ती झालीच नसती. ते दोन मिनिटं इतकं हळू वाजवणं, आधीची दहा मिनिटं वाजवण्यापेक्षा अवघड आहे.

हे सगळं आज ऐकायला मिळतं ते एका घरगुती भेटीमुळे. हेलन वॉर्ड आठवते? ती बँड सोडून गेली होती, अल्बर्ट मार्क्सशी लग्न करून. या मार्क्सने बायकोला भेट म्हणून मैफल रेकॉर्ड करून घ्यायचं ठरवलं. रंगमंचावर उंच टांगलेला एक मायक्रोफोन, तिथून तारेने आवाज स्टुडिओत, आणि तिथे तबकड्यांवर कोरला जाणार. एक संपत आली की दुसरी तयार. दोन संच झाले, एक मार्क्सकडे, एक गुडमनकडे. म्हणजे जिच्या गळ्यातून हे गाणं बँडमध्ये आलं आणि जिचे शब्द त्यातून गळून पडले, तिच्यासाठी म्हणून ते ध्वनिमुद्रित झालं. गुडमनचा संच एका फ्लॅटच्या कपाटात पडून राहिला. तिथे तो पूर्वी राहत असे. 1950 मध्ये त्या तबकड्या सापडल्या. त्याच वर्षी कोलंबियाने दोन एलपींमध्ये ती मैफल काढली आणि ती प्रचंड खपली. स्विंगचा जमाना तेव्हा संपलेला होता.

एकच मायक्रोफोन, तोही वर टांगलेला, म्हणून या रेकॉर्डिंगचा आवाज असा आहे: ड्रम्स पुढे, गिटार जवळजवळ गायब, टाळ्या खऱ्या. 1937 चं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग समतोल आहे, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी. पण स्टेसी बोलू लागतो तेव्हा सभागृह कसं शांत होतं ते त्या एका मायक्रोफोननेच पकडलं. विकत घ्यायचं असेल तर 1999 ची दोन सीडींची आवृत्ती शोधा. फिल शाप या अभ्यासकाने मूळ तबकड्यांवरून ती तयार केली. खरखर भरपूर ठेवली आहे. लोक त्यावरून कुरकुर करतात. मी करत नाही. खरखरीबरोबर झांजेची धारही शाबूत राहिली आहे. कान नवखे असतील तर आधी जुनी, मऊ केलेली आवृत्ती ऐका आणि मग ही.

पुढचं थोडक्यात. मैफलीनंतर दोनच महिन्यांत, मार्च 1938 मध्ये क्रुपा गुडमनपासून वेगळा झाला आणि त्याने स्वतःचा बँड काढला. 1956 च्या ‘द बेनी गुडमन स्टोरी’ या चित्रपटात हे गाणं पुन्हा वाजलं, ड्रम्सवर पुन्हा क्रुपा; ठीक आहे, एकदा पाहावा. स्टेसी पुढे संगीत जवळजवळ सोडून सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत नोकरीला लागला.

मुंबईत याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. ‘सिंग, सिंग, सिंग’शी थेट नाही, पण त्या वाजवण्याशी आहे. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकन जाझवाले येऊन वाजवत होते, आणि गोव्याच्या चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून आलेले वादक त्यांच्याशेजारी बसून ही शैली उचलत होते. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांतला. नंतर तो आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला आणि 1951 च्या ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. त्यातले ट्रंपेटचे तुकडे गुडमनच्या तबकडीनंतर लगेच ऐकून बघा. नातं कान सांगतील.

आता मुलाच्या बँडचं. बारा मिनिटं करू नका. कॉलेजच्या कार्यक्रमात तेवढा धीर कुणाला नसतो आणि तेवढे सोलो वाजवणारेही तुमच्याकडे नसतील. बाजारात मिळणाऱ्या छापील मांडण्या बहुतेक पाच-सहा मिनिटांच्या असतात, तेवढं पुरे. 1937 ची तबकडी मांडणीसाठी ऐका, कारण कोण कुठे शिरतो ते तिथे स्पष्ट आहे. प्रीमाचं एकदा सगळ्यांनी मिळून ऐका, हसा, आणि हे मुळात गाणं होतं हे डोक्यात ठेवा. कार्नेगीचं फक्त ड्रमर आणि पियानोवाल्याने ऐकावं, बाकीच्यांनी नाही. ते ऐकून सगळेच सोलो लांबवायला लागतात.

क्लॅरिनेटनंतर शेवटाच्या धावेआधी सोळा मात्रा मोकळ्या ठेवा. ड्रमरला सांगा की तिथे ब्रश घे किंवा काठ्या हलक्या कर. पियानोवर जो असेल त्याला मात्र त्या सोळा मात्रांबद्दल तालमीत काही सांगू नका.